टँकरवरचं ‘उपचारित जल’

मंडळी, अजून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून इथे लिहितोय.

आज सकाळी नळ आलेच नाहीत. तरी माझी ऐंशी पार केलेली आत्या तांब्याभर पाण्याने देवांना आंघोळ घालत होती. पाणी कुठलं, विचारलं.

“बाहेरच्या टँकरवर लिहिलंय ना, उपचारित जल. पूजेच्या उपचारांचंच असणार.”

मी धावत बाहेर गेलो. बगिच्याला पाणी देणारा ड्रायव्हर म्हणाला, “भिया, ये तो ड्रेनेज का पानी है. प्लांट में कीड़े मैला खा जाते हैं, फिर साफ होके पेड़ों के लिए आता है.”

ड्रेनेजचं पाणी, आमच्या बाळकृष्णावर. आत्याला कसंबसं सांगितलं.

तिने तांब्या हुंगला. “कुठल्या प्लांटचं?”

“खान नाल्याच्या काठावरच्या.”

“मध्य भारत वेगळं राज्य होतं तेव्हा, माझ्या लहानपणी, आम्ही छत्रीबागेतल्या घरातून याच नदीवर देव धुवायला न्यायचो. तेव्हा ती कुणाला साफ करावी लागत नव्हती.”

तिने पिण्याच्या पाण्याने देव पुन्हा धुतले आणि तांब्यातलं उरलेलं जास्वंदीला घातलं.

मी मात्र तिच्या एका शब्दावर अडकलोय. जन्मभर मी खान नालाच म्हणत आलो. तुमच्या घरात तिला नदी म्हणणारं कुणी उरलंय का?