हा हात माया हाय

काळ्या शाईची नवी बाटली उघडली की कापरासारखा वास येतो आणि मी थेट अकोल्यातल्या त्या बियाण्यांच्या दुकानात जाऊन उभी राहते.

दुकानाच्या मालकांना, म्हणजे काकांना, बोंडअळीवरचं चित्रकथेचं पुस्तक काढून शेतकऱ्यांना वाटायचं होतं. माझा दर आणि मी मागितलेली मुदत ऐकून ते हसले. “चार रेघोट्याच त हायेत मॅडम! याले इतके पैसे, इतके दिवस कायले लागते?”

मी अमरावतीहून कामासाठी वणवण करत आलेली. गप्प बसायला हवं होतं, पण डोकं फिरलं. म्हटलं, “मला फवारणी करणारा माणूस काढायचाय. तुम्हीच उभे राहा.”

पाठीवर रिकामा पंप, उचललेल्या हातात नळी. मी रेखाटत राहिले. हळूहळू त्यांचा हात थरथरू लागला, मानेवरून घाम ओघळला. “झालं काय?”

मी शाईची बाटली उघडली. “पेन्सिल झाली, काका. आता शाई. अन् ही पहिलीच चौकट.”

त्यांनी पंप उतरवला. कागदावर त्यांच्या मनगटावरचा भाजल्याचा जुना डागसुद्धा उतरला होता. त्यावर बोट ठेवून म्हणाले, “लावा तुमचा दर.”

तेव्हा वाटलं, जिंकले! पण खरी जीत पुढे होती. पुस्तक छापून आल्यावर काका गल्ल्यावर बसून येईल त्या गिऱ्हाइकाला ते पान उघडून दाखवायचे. “हा हात माया हाय. लय टाइम लागते याले, गंमत नाही!”