माकडांसाठी निवडलेला आवाज

जैनथला आमच्या घरामागे थोडी जागा आहे. वांगी, टमाटे, कोपऱ्यात पेरू. माकडांनी त्यातलं काही आमच्या हाती लागू देणं बंद केलं, तेव्हा मी छर्ऱ्याचं पिस्तूल घेतलं. गॅसच्या छोट्या नळीवर चालणारं. लायसन्स लागत नाही असं विकणारा म्हणाला. दिसायला मात्र थेट खऱ्यासारखं. मी शिक्षक आहे, आमच्या घरात रोज सकाळी पंचशील म्हटलं जातं. कुठल्याही प्राण्याला इजा करायची नाही, हे मी पिस्तूल आणलं त्याच दिवशी बायकोला सांगितलं होतं.

"मंग काय आरती ओवाळान माकडाची?" ती म्हणाली.

पण छर्रा मारायची गरजच नाही, हे लवकरच माझ्या ध्यानात आलं. पिस्तुलाचा वरचा मागेपुढे सरकणारा भाग असतो, त्याला स्लाइड म्हणतात. ती मागे ओढून सोडली की खटॅक असा आवाज होतो. एकदा हवेत काढलेला बार ऐकलेली माकडं पुढे नुसत्या त्या खटक्यानेच भिंतीवरून पसार व्हायची. मला याचा फार आनंद झाला. कुणाला लागलं नाही आणि काम झालं. भेटेल त्याला मी हे सांगत सुटलो.

मग ती स्लाइड तडकली. प्लास्टिकची होती, हातातून सुटून हौदाच्या काठावर आपटली. दुसऱ्या कंपनीची स्लाइड विकत घेऊन बसवता येते, हे मला मोबाईलवर व्हिडिओ पाहून कळलं आणि मी त्या नादातच पडलो. पोलादी स्लाइड जड, तिला गॅसचा जोर पुरत नाही. प्लास्टिकची पुन्हा फुटणार. उरल्या ॲल्युमिनियमच्या दोन: एकीला वर खिडक्यांसारख्या खाचा, दुसरी साधी, काळी. कानात हेडफोन घालून मी त्यांचे आवाज पुन्हा पुन्हा ऐकायचो. शाळेत मधल्या सुट्टीतसुद्धा. एक सहकारी म्हणाले, "सर, माकडासाठी घेऊन राह्यले का हेडमास्तरसाठी?" सगळे हसले, मीही हसलो.

हैदराबादच्या विक्रेत्याने फोनवर दोन्ही ओढून दाखवल्या. "सर, ये काली वाली सुनो. आँख बंद करके सुनोगे तो असली बोलोगे."

मी खरंच डोळे मिटले. काळी पाठवा म्हणालो.

पार्सल यायच्या आधी अक्का आली. माझी मोठी बहीण. तिचं सासर नेरडीगोंड्याच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या गावात. तिथे भाऊजींचं किराणा दुकान होतं. मुलगी लग्न होऊन गेलेली; भाऊजी गेल्यापासून ती तिथे एकटीच राहत होती आणि मी तिच्या मागे लागलो होतो की कायमची आमच्याकडे ये. तिचं गुडघ्याचं दुखणं वाढलं होतं. रात्री-बेरात्री पडली तर पाणी द्यायला कुणी नव्हतं. दर वेळी ती सणापुरती यायची आणि परत जायची. या खेपेला लोखंडी पेटी घेऊन आली. "राहून पाहू, बापू. जमलं तं जमलं." माझ्या बायकोने तिच्यासाठी पुढची खोली रिकामी केली. मी पलंगाला नवीन नवार भरून घेतली.

अक्का आल्याने घर बोलकं झालं. परसातली वांगी तिने पहिल्याच दिवशी ताब्यात घेतली. मी माकडांची तक्रार केली की म्हणायची, "एवढं शिकून माकडासंगं भांडून राह्यला तू. त्याहिले पगार नाही ना तुह्यावानी, खाऊ दे." माकडं हाकलायला एक वस्तू मागवली आहे, एवढंच मी तिला सांगितलं होतं.

पार्सल दुपारी आलं. मी तिथेच बसून काळी स्लाइड बसवली. एकदा ओढून पाहिली. आवाज अगदी फोनवर ऐकला होता तसा, भरीव. मला तो कुणाला तरी ऐकवायचा होता. बायको आत भाकरी थापत होती. अक्का परसात पेरूखाली, माझ्याकडे पाठ करून, मेथी निवडत बसली होती.

मी तिच्या मागे गेलो. स्लाइड ओढून सोडली आणि सिनेमातल्या इन्स्पेक्टरसारखा जाड आवाज काढून तेलुगूत म्हणालो, "चेतुलु पैकी!" म्हणजे, हात वर. जैनथ तेलुगू मुलखात असलं तरी आम्ही घरात मराठीच बोलतो. तेलुगू फक्त गंमत म्हणून.

अक्काने हात वर केले नाहीत. ते डोक्यामागे नेऊन बोटं एकमेकांत गुंतवली आणि दुखऱ्या गुडघ्यांवर ती माझ्याकडे न बघता पुढे झुकली. कपाळ जमिनीला लागेपर्यंत. ही क्रिया तिला येत होती. कुणी शिकवल्यासारखी येत होती. आणि ती तेलुगूत, एका सुरात म्हणाली, "माकेम तेल्वदु, सार. इंट्ल एवरू लेरू." आम्हाला काही माहीत नाही, सर. घरात कुणी नाही.

मला वाटलं, ती माझी थट्टा उलटवते आहे. मी हसलो. हे लिहायला मला जड जातं, पण मी हसलो. मग तिच्या साडीखालची माती ओली होताना दिसली. मेथीला मारलेलं पाणी असेल, असं वाटलं. तसं नव्हतं.

"अक्का, मी आहो. बापू आहो," मी म्हणालो. पिस्तूल हातातच होतं. तिने पुन्हा तीच दोन वाक्यं म्हटली.

बायको पिठाच्या हातांनी धावत आली. तिने आधी मला पाहिलं, मग अक्काला. "ठेवा ते खाली! काऊन असं केलं तुमी?" तिने अक्काचे हात एकेक बोट करून सोडवले आणि तिला न्हाणीत नेलं. मी तिथेच उभा होतो.

संध्याकाळी अक्का पुढच्या खोलीत बसली होती. तोंड धुतलेलं, केस विंचरलेले. मी दारातच थांबलो. तिनेच बोलायला सुरुवात केली, खिडकीकडे बघत.

"तुहे भाऊजी तवा कणगीत बसून होते. जवारीच्या कणगीत. मी दारात."

"कोण आलतं, अक्का?"

"कोण ते इचारू नको. जंगलातले बी यायचे, सरकारचे बी यायचे. बंदुकीचा आवाज एकच असते."

"किती डाव आलते?"

आम्ही दर वर्षी तिच्याकडे जात होतो. ती पुरणपोळी वाढायची, भाऊजी दुकानातल्या गोळ्या मुलांच्या खिशात घालायचे. त्या घरात ती कपाळ जमिनीला टेकवून बसली होती, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तिचा भाऊ. मला तिच्या जावयाची आवड माहीत आहे, तिच्या औषधांची वेळ माहीत आहे.

"मी ते मोडून टाकतो. आत्ता पेनगंगेत टाकून येतो," मी म्हणालो.

"टाक. नाही तं नको टाकू." ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "तू मारणार नाही, हे मले समजते, बापू. पण आता तुह्या हातात पाह्यलं ना मी ते."

सकाळी तिची पेटी भरलेली होती. गावाकडे मिरच्या वाळत घालायच्या राहिल्यात, असं ती माझ्या बायकोला सांगत होती. बायकोने खूप विनवण्या केल्या. मी केल्या नाहीत. कोणत्या तोंडाने करणार? मी पेटी उचलली आणि तिला बसने पोचवून आलो. वाटेत ती पिकांबद्दल बोलली, लोकांच्या कपाशीला नावं ठेवली. स्टँडवर माझ्या शर्टाच्या बाहीवरची धूळसुद्धा झटकली.

पिस्तूल मी हातोड्याने फोडलं. स्लाइड फुटली नाही, वाकली फक्त. ती शेवटी नदीतच टाकली. माकडं सगळे पेरू खातात.

आता दर रविवारी मी अक्काकडे जातो. औषधं देतो, पाण्याचा ड्रम भरतो. तिला आमच्याकडे ये म्हणणं मी सोडून दिलं आहे. तिच्या गल्लीच्या तोंडाशी आलो की मोठ्याने हाक मारतो, मराठीत, म्हणजे मी येतोय हे तिला आधी कळावं. ती दारात येते, हसते. पण हसण्याआधी ती माझ्या हातांकडे पाहते. मग तोंडाकडे.