विष्णूबाब व्रतात होते

विद्या, जरा कान इकडे कर गो बाय. काल तू लिहिलंस, "आते, स्क्रिप्ट चालली, एकही एरर नाही, काम संपलं." एरर नाही म्हणजे काम संपलं, हे तुला कोणी शिकवलं? मी एकदा तसंच समजले होते.

डिचोलीच्या एका हॉस्पिटलात मी टायपिस्ट म्हणून लागले आणि मॅन्युअल वाचून वाचून सर्व्हर सांभाळू लागले. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात अनेक कॉम्प्युटर चालवतात, ती व्हर्च्युअल मशीन. आमच्याकडे प्रत्येक वॉर्डाचं एक. नवीन हवं तर टेम्पलेट, म्हणजे तयार साचा घ्यायचा आणि त्यातून काढायचं. हे काम माझे सहकारी विष्णूबाब करायचे, शिरगावचे. एकेक मशीन, अर्धा दिवस घालवून. मी चिडवायची, बाब, मशीन करता की करंजीसारख्या नेवऱ्या मुरडता?

लईराई देवीची जत्रा आली. विष्णूबाब धोंड, म्हणजे देवीचं व्रत धरणारे, पाच दिवस रजेवर. नेमकी तेव्हाच आठ वॉर्डांची मशीन बदलायची ठरली. सर्व्हरवर त्यांनी टाइप केलेल्या कमांड मी उतरवून ठेवल्या होत्या. त्या एका फाइलीत ओळीने लिहिल्या, तीच स्क्रिप्ट. चालवली. वीस मिनिटांत आठ मशीन तयार. त्यांना एकदा विचारावं असं मनात आलं. पण व्रतातल्या माणसाच्या कानावर ऑफिसचं कशाला घालायचं, म्हणून फोन केला नाही.

दुसऱ्या सकाळी पुरुष वॉर्डातून सिस्टरचा फोन. दोडामार्गचा एक ट्रक ड्रायव्हर, किडनीचा आजार. रक्ताचा रिपोर्ट आलेला नाही आणि त्यावाचून डॉक्टरांचं औषध अडलंय. लॅब म्हणे, पाठवला. स्क्रीनवरही तसंच दिसत होतं. वॉर्ड वॉर्ड फिरले. दीड तासाने रिपोर्ट महिला वॉर्डाच्या प्रिंटरवर सापडला.

मग केला विष्णूबाबांना फोन. पहिल्याच रिंगला उचलला, झालेलं सगळं ऐकून घेतलं.

"आतली ओळख बदललीत?" एवढंच विचारलं त्यांनी.

प्रत्येक मशीनच्या आत एक लांबलचक नंबर असतो. त्यावरून नेटवर्क त्याला पत्ता देतं. साच्यातला नंबर आठही मशीनांत तसाच उतरला होता, म्हणून सगळ्यांचा पत्ता एक. रिपोर्ट कुठेही जाणार. विष्णूबाब प्रत्येक मशीन उघडून तो नंबर पुसायचे, नवा करायचे. ते काम मशीनच्या आत व्हायचं, म्हणून मी उतरवलेल्या कमांडींत ते नव्हतंच. त्यात जायचा त्यांचा अर्धा दिवस.

"शालनबाय, काल विचारायचं," ते म्हणाले. "देवी रागावली नसती."

तासाभरात आठही मशीन नीट झाली. ड्रायव्हर चौथ्या दिवशी वारला. त्याची बायको बाहेर बाकावर बसली होती, पिशवीत त्याचे कपडे. डॉक्टर म्हणाले, दीड तासाने फरक पडलाच असेल असं नाही. पडला नाही, असं ते म्हणाले नाहीत.

डायरेक्टरांनी विचारलं, "अहवालात मशीनचा दोष लिहू?"

"मशीनने मी सांगितलं तेवढंच केलं," मी म्हटलं. "माझं नाव लिहा."

त्यांनी लिहिलं. मी सही केली.

तेव्हापासून स्क्रिप्ट लिहिण्याआधी मी ते काम हाताने करणाऱ्या माणसाशेजारी पूर्ण वेळ बसते. वेळ जातो, जाऊ दे. तू कोणाशेजारी बसलीस, ते मला समोर बसून सांग. गणपतीच्या चवथीपर्यंत थांबू नको. येत्या आयतवारीच ये.