पंचवटीतली वांगी

माझ्या सासरी एका बाईच्या अंगात यायचं. सगळे तिच्या पाया पडायचे. मी एकदा पाया पडता पडता तिच्या पोटरीला चिमटा काढला. तिनं मला शिव्या दिल्या, त्या देवीच्या आवाजात नव्हत्या, रोजच्याच आवाजात होत्या. मी कशी बाई आहे ते यावरून कळलं असेल. या सदरात लोक लिहितात ते मी चष्मा लावून वाचते आणि निम्म्याहून जास्त मला खोटं वाटतं. तरी स्वतःचं एक लिहून पाठवते आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे सजवून लिहिता येणार नाही. घडलं तसं सांगते.

माझं माहेर बुलडाणा जिल्ह्यात, रोहिणखेडच्या पलीकडे एका लहान गावात. आम्ही माळी. विहीर, मोट, वांगी-मिरच्या-कांदे, आणि बाजाराच्या दिवशी डोक्यावर पाटी. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेलं होतं. कोर्टाचं काम असो की मोठं शिक्षण, माणसं नागपूरला जायची.

गावात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नाटक व्हायचं. कामं गावकरीच करायचे, ती काही पाहण्यासारखी नसायची. पडदे मात्र चांगले होते. ते एका फिरत्या चिताऱ्यानं रंगवलेले. बऱ्हाणपुराकडचा होता म्हणतात. राजवाड्याचा पडदा झाला, रस्त्याचा झाला, आणि पंचवटीचा रंगवता रंगवता तो तापानं आमच्याच गावात मेला. पडद्याचा उजवीकडचा खालचा कोपरा पांढराच राहिला. मग दर साली नाटकात त्या कोपऱ्यासमोर केळीचा खांब उभा करायचे, म्हणजे पांढरं दिसू नये.

माझा मोठा भाऊ नारायण तेव्हा लहान होता. चितारी रंगवायचा आणि हा दिवसभर त्याच्याजवळ बसून राहायचा. चितारी गेला, पण भावानं त्याला सोडलं नाही. पाटीवर, भिंतीवर, अंगणात कोळशानं... जिथे तिथे त्याच पडद्यातलं झाड. बुंधा एका बाजूला वळलेला, पानं पंजासारखी. नाटक चालू असलं तरी याचं लक्ष रावणाकडे नसायचं, झाडाकडे असायचं. मी तेव्हा पाळण्यात होते, चितारी मला आठवत नाही. झाड मात्र पाहून पाहून मलाही पाठ झालं होतं.

भावाचा हात पाहून आबा पाटलांनी त्याला नागपूरला चित्रकलेच्या शाळेत घातलं. खर्च पाटलांचा. मोटेवरचा माणूस गेला म्हणून बाप नाराज होता. वर्ष झालं आणि उन्हाळ्यात भाऊ तोंड पाडून घरी आला. तिथले मास्तर त्याला म्हणाले होते, समोर कोणतंही झाड ठेवलं तरी तू एकच झाड काढतोस, हे झाड कोणाचं आहे? भावानं खरं काय ते सांगितलं. मग त्यालाच पाठवायचं होतं की, असं मास्तर म्हणाले.

हे पाटलांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, आखाजीच्या आत पंचवटीचा कोपरा भरून दे. चांगला झाला तर पुन्हा नागपूर, नाही तर मोट. बापानं लगेच मान हलवली.

सरेस शिजवायचं काम माझ्याकडे होतं. सरेस म्हणजे जनावराच्या कातड्याचा डिंक. पुडीचा रंग त्यात कालवला की तो कापडाला धरतो. आई तो घरात येऊ द्यायची नाही, म्हणून अंगणात तीन दगडांवर मडकं ठेवायचं. तो उकळू द्यायचा नसतो, नुसता ऊन ठेवायचा. उकळला की त्याचा चिकटपणा जातो. भावानं एकदा दाखवलं आणि मला ते जमलं.

पडदा पाटलांच्या रिकाम्या कोठारात अंथरला होता. भावानं आधी चिताऱ्याचंच झाड काढलं. हुबेहूब. जुनं कोणतं आणि नवं कोणतं, मला ओळखता येईना. सकाळी जाऊन पाहिलं तर रंगाची पूड झालेली. फुंकर मारली की उडत होती, आणि खाली कोपरा पांढरा.

भाऊ माझ्यावर धावून आला, सरेस बिघडवला म्हणून. मी त्याला चिंधी दाखवली. रंग लावण्याआधी ब्रश आम्ही त्या चिंधीवर पुसून पाहायचो. त्याच वाटीतला रंग तिथे नखानं खरवडला तरी निघत नव्हता. त्यानं स्वतः नख लावून पाहिलं.

पुन्हा झाड काढलं, पुन्हा गळलं. मग हरीण. मग पर्णकुटी. सगळं चिताऱ्यानंच काढावं असं, आणि सगळ्याची सकाळी पूड. कोणी म्हणालं जमिनीला ओल असेल, म्हणून पडदा खाटांवर घेतला. कोणी म्हणालं चिताऱ्याचा जीव अडकला आहे, नारळ द्या. नारळ फोडला. खोबरं मी खाल्लं. रंग गळायचा तो गळलाच.

मग भावानं कोठारात जाणंच सोडलं. मळ्यात वांग्यांकडे पाहत बसून राहायचा. बाप म्हणाला, "पाहतच राह्यला तं पाणी तरी दे वांग्याले." त्यानं पाणीही दिलं. त्याला आता मोटच हाकायची आहे असं आम्ही सगळे धरून चाललो.

आखाजी तोंडावर आली. एका दुपारी मी कोठारावरून चालले होते तर दार उघडं. आत भाऊ ओणवा होऊन रंगवत होता. रंग कशात कालवला ते पाहिलं तर जुना सरेस, कधीचा मडक्यात पडून नासलेला, वास मारत होता.

"हा तं फेकाले ठेवला होता, भाऊ. याच्यात आता काही जोर नाही," मी म्हटलं.

"मंग गळू दे," तो म्हणाला. मान वर केली नाही.

वाकून पाहिलं तर आमचा मळा. वांग्याचे वाफे, मधून पाटाचं पाणी, आणि काठावर बापाचं फावडं पडलेलं. झाड एकही नाही. भावानं झाडाशिवाय काढलेलं मी पाहिलेलं ते पहिलंच चित्र. ते चांगलं होतं की वाईट, सांगता येणार नाही. गळणारच आहे म्हणून मी नीट पाहिलंच नाही.

सकाळी ते होतं तसंच होतं. मी हात फिरवला. हाताला काही लागलं नाही.

पाटील आले, बरोबर नाटकाची मंडळी. रावण व्हायचा त्या माणसानं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "म्या सीतेले न्याले यायचं का वांगे तोडाले?" सगळे हसले. पाटील हसले नाहीत. रामाच्या नाटकात भाजीपाला पाहून त्यांचा चेहरा उतरला होता. ते भावाशी बोललेच नाहीत. मला म्हणाले, पुसून टाक. म्हणजे नागपूर संपलं, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. भाऊ भिंतीला टेकून उभा होता.

सरेसाचा रंग गरम पाण्यानं लगेच सुटतो. मी फडकं बुडवून घासलं. वांगी हलली नाहीत. जोर लावून घासलं. वांगी तशीच, आणि त्यांच्या वरचं चिताऱ्याचं झाड हिरवं पाणी होऊन खाली यायला लागलं.

"काशे, थांब. त्याचं जाऊन राह्यलं," भाऊ म्हणाला.

मी थांबले. पाटील स्वतः खाली बसले. अंगठा थुंकीनं ओला करून त्यांनी एक वांगं चोळलं आणि अंगठा उलटसुलट करून पाहिला. कोरा. मग उठून जोडे दाराबाहेर ठेवून आले आणि त्या वांग्याला हात जोडले. बाकीच्यांनीही जोडले. मी नाही जोडले, माझ्या हातात फडकं होतं.

भाऊ नागपूरला गेला. चित्र चांगलं झालं म्हणून नाही, मेलेला माणूस कोपेल या भीतीनं पाटलांनी त्याला पाठवलं. भावाला ते लागलं होतं. पण गेला.

पुढे त्याचं चांगलं झालं. बाजारातल्या बाया, विटांच्या भट्ट्या, आमच्या आईचे नुसते पाय, असलं काय काय तो काढायचा. पेपरात छापून यायचं. पंजासारख्या पानांचं झाड मात्र पुन्हा दिसलं नाही. माझ्या मुलीच्या लग्नात मीच म्हटलं, दाराजवळ ते झाड काढ. तो खडू हातात घेऊन किती तरी वेळ भिंतीसमोर उभा राहिला. मग म्हणाला, "नाही येत मले आता." हे मला तेव्हाही कळलं नाही. जे डोळे मिटून यायचं ते जाईल कसं?

पडदा आता दाखवायला नाही. आबा पाटील गेल्यावर तो गोठ्याला आडोसा म्हणून लावला आणि तिथेच कुजला. सगळा, वांग्यांसकट.

भाऊ शेवटच्या दुखण्यात माझ्याकडे होता. मी त्याला पेज भरवत होते. मधेच तोंड बाजूला करून म्हणाला, "काशे, आता तं सांग. त्या सरेसात तुनं काय टाकलं होतं?"

मला वाटलं चेष्टा करतो. चेष्टा नव्हती. इतकी वर्षं तो धरून चालला होता की पडद्यासाठीचा सरेस मी मुद्दाम कच्चा ठेवला, चिंधीला तेवढा पक्का लावला, आणि वांग्यांच्या वेळी गुपचूप काही तरी घातलं. का, तर त्यानं त्या झाडातून बाहेर पडावं म्हणून. दर दिवाळीला तो मला लुगडं आणायचा, ते त्यासाठी.

आणि मी इतकी वर्षं धरून चालले होते की ते त्यानंच केलं. झाडं आपल्याच हातानं पुसून टाकली, आणि नागपूरहून आणलेलं काही तरी औषध वांग्यांच्या रंगात घातलं. पाटलांना फसवून शिकला, हे तोंडावर कशाला म्हणायचं म्हणून मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मात्र त्याला सांगितलं.

त्यानं माझा पेजेचा हात बाजूला सारला. "म्या नाही केलं, काशे."

"म्या पण नाही केलं."

त्याला ते पटलं नाही. हसला, आणि म्हणाला राहू दे, नको सांगू. मी पुन्हा पुन्हा सांगितलं, रागावून सांगितलं, तरी तो हसतच होता. त्यानंतर फार दिवस राहिला नाही. मी केलेच नव्हते ते उपकार माझ्या नावावर ठेवून गेला. मग ते कोणाचे, हे मला अजून कळलेलं नाही.