शनिवार-रविवारची झोप

लोणावळ्यात स्वतःचं घर म्हटलं की लोकांना वाटतं, यांची चंगळ आहे. आमच्या वरच्या खोलीतून डोंगर दिसतो, एवढंच आमचं भांडवल. ती खोली लेकीची, पण सोमवार ते गुरुवार. शुक्रवारी शाळेतून आली की ती आपणहून दप्तर-कपडे घेऊन खाली यायची आणि मी पर्यटकांसाठी खोली आवरायला वर जायचे.

मग ती कधी हॉलमध्ये सतरंजीवर झोपायची, कधी स्वयंपाकघरात. कुरकुर कधी केली नाही. औंढ्याहून आलेल्या सासूबाई कौतुक करायच्या, "लय गुणाची पोर. कुटं बी टाका, झोपती." मीही येईल त्याला तेच ऐकवायचे. लेकीला काय छान वळण लावलंय, अशी माझी समजूत.

चौथीत गेल्यावर दर गुरुवारी तिचं पोट दुखायला लागलं. मी आधी ओवा दिला, मग ओरडले. शाळा बुडवायची नाटकं, असं म्हणून मोकळी झाले. पुढे बाईंनी बोलावून सांगितलं की ती वर्गात पेंगते, आणि दार जरा जोरात लागलं तरी दचकून रडते. तेव्हा कुठे मी तिला तळेगावला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं.

पोटात काही निघालं नाही. डॉक्टरांनी विचारलं, रात्री झोप लागते का. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग हळूच सांगायला लागली. शनिवारी वरून पावलं वाजतात. ती माणसं खाली येतील असं वाटतं. म्हणून ती डोळे मिटून जागीच राहते, आणि आईला कळू नये म्हणून हलत नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिचं मी गावभर कौतुक केलं, ती झोप नव्हतीच. डॉक्टर रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, की भीती अशी साठत गेली तर मुलं त्यानेच आजारी पडतात. आधी तिला तिची कायमची जागा द्या, आणि तिला घेऊन येत राहा.

घरी येऊन नवऱ्याने आणि मी सगळी बुकिंगं रद्द केली. तरी शुक्रवारी ती सवयीने सामान घेऊन निघालीच. मी जिन्यात अडवून सांगितलं, आता कोणी येणार नाही, खोली तुझीच आहे.

तिने जरा विचार केला आणि समजूतदारपणे विचारलं, "मग रिकामी कधी करायची?"