एकाच हाताची दोन घरं

गवंड्याला सगळे ओळंबामामा म्हणत. त्याची भिंत कधी रेसभरही कलली नाही. हा जावईसुद्धा ओळंबा लावूनच निवडतो, अशी थट्टा चालायची.

दोन्ही मुलींची घरं त्याने स्वतः बांधली. थोरलीचं टेकडीवर, धाकटीचं खाली, तळं बुजवून झालेल्या सपाट वस्तीत. विटा एकाच भट्टीच्या, सळई एकाच जाडीची. लेकींत डावं-उजवं करणारा तो बाप नव्हता. वर पाया खणताना पहारी बोथट झाल्या, तेव्हा त्याने खडकाला मनसोक्त शिव्या घातल्या. खाली मात्र कुदळ लोण्यात शिरावी तशी शिरली.

भूकंप सकाळी झाला. वरच्या घरात भांडी पडली, एका कोपऱ्याला तडा गेला. खालची अख्खी गल्ली बसली. धाकटी घरातच होती. बापाने तिला चपलेवरून ओळखलं.

धाकटा जावई कामावर गेला होता म्हणून वाचला. सगळं उरकल्यावर तो चारचौघांत म्हणाला, "थोरलीचं उभं, हिचं जमीनदोस्त. हिच्या घरात माल कमी घातलात, मामा."

मग म्हातारा रोज ढिगाऱ्यात बसून विटांना चिकटलेलं सिमेंट नखाने खरवडायचा. आपला हात कुठे चुकला, ते त्याला शोधायचं होतं.

पडझड तपासायला आलेल्या इंजिनिअर बाईंनी दोन्ही घरं पाहिली होती. त्यांनी जावयालाही बोलावून घेतलं.

"भिंतीत खोट नाही," त्या म्हणाल्या. "इथे खाली गाळ आहे. हादरा गाळात शिरला की वाढतो आणि लांबतो. वर खडकावर तो लवकर सरला. घर तेच, जमीन वेगळी."

जावई माफी मागू लागला. म्हाताऱ्याने त्याला थांबवलं.

"वरही जागा मिळत होती तिला. माझे गुडघे दुखतात म्हणून नको म्हणाली. बाबा रोज येणार, त्यांना चढ कशाला, म्हणाली."

पुढे लोक तिथेच पुन्हा बांधायला लागले. दुसरी जागा आणणार कुठून? त्याला बोलावणं आलं, पण त्याने काम घेतलं नाही. थोरली त्याला आपल्याकडे घेऊन गेली. तिथे तो जेवतो, नातवंडांशी दोन शब्द बोलतो. झोपायला मात्र अंगणात येतो. उभ्या राहिलेल्या त्या घरात त्याचा डोळ्याला डोळा लागत नाही.