डी ब्लॉकच्या थांब्यावरची मीटिंग

चाळीस नावांच्या यादीत एकतीस माणसं डी ब्लॉकची निघाली, तेव्हा मी आधी एक्सेलला दोष दिला. फिल्टर चुकला असेल म्हणून काढून पुन्हा लावला. एकतीसच.

२००९चा उन्हाळा होता. आखातात रुवैसला रिफायनरीच्या बाजूला आमच्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचं काम चालू होतं. मी तिथला कॅम्प अॅडमिन ऑफिसर. म्हणजे कामगारांच्या खोल्या, मेस, बस, पाणी आणि भांडणं, सगळं माझ्या गळ्यात. दुबईत मंदीने क्रेन जागच्या जागी थांबल्या होत्या, त्याची झळ आमच्यापर्यंत पोचली. अबुधाबीच्या हेड ऑफिसने चाळीस माणसं घरी पाठवायला सांगितली. ज्यांना उशिरा येण्याबद्दल तीन पत्रं मिळालीत, ती आधी. निकष मला आवडला. कोणाचं तोंड बघायला नको, रजिस्टर सांगेल ते खरं.

यादीत पहिलं नाव यादगिरीचं. करीमनगरकडचा, स्कॅफोल्डिंगवाला. म्हणजे टाक्यांभोवती पाइपांची परांची बांधणारा. नऊ वर्षांची नोकरी आणि आधीची आठ वर्षं एकही लेट नाही. मी त्याला बोलावलं.

"यादगिरी, इसी साल क्या हुआ? नींद नहीं खुलती?"

"नींद खुलती, सर. चार बजे उठता. बस भर के आती."

"मग दुसरी फेरी?" माझं हिंदी असं मध्येच मराठीत घसरतं.

"वही पकडता, सर. तब तक लेट."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे माझंच कर्तृत्व होतं.

आमच्या कॅम्पमध्ये चार ब्लॉक. ए आणि बी मोठे, तिथे पाइप फिटर आणि वेल्डर. सी आणि डी लहान, डी सगळ्यात टोकाला. पूर्वी प्रत्येक ब्लॉकला आपली बस होती. मंदी आली, चारच्या दोन झाल्या. बस कुठून सुटावी, हा प्रश्न मी मोठ्या रुबाबात वेल्फेअर कमिटीकडे सोपवला. कमिटी मीच सुरू केली होती. सहा जागा, गुप्त मतदान, सगळ्या कॅम्पने मिळून सहा नावं लिहायची, ज्यांना जास्त मतं ते आत. याहून न्याय्य काय असणार? पण मोठ्या ब्लॉकांनी आपलीच सहा नावं लिहिली. तीन वर्षं कमिटीत सी आणि डीचा एकही माणूस नव्हता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. कमिटीने ठरवलं, दोन्ही बस ए ब्लॉकहून सुटतील. मी सही ठोकली.

घरी बायकोला सांगितलं. सुनीता भाजी निवडत होती. ती म्हणाली, "अहो, तुम्ही स्वतः बसला आहात का कधी त्या बसमध्ये?" मला कंपनीची कार होती. आमची मुग्धा तेव्हा सातवीत. पुस्तकातून डोकंही वर न काढता म्हणाली, "Obviously they voted for their own bus, Baba." म्हणजे जे सातवीतल्या पोरीला कळत होतं ते मला तीन वर्षं कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट मॅनेजरसमोर उभा राहिलो. नबील, जॉर्डनचा, माणूस तसा सरळ, पण सतत घाईत.

"यादी झाली? यल्ला, चल, पाठव."

"सर, यादी चुकली आहे. ही माणसं उशिरा येत नाहीत, त्यांची बस उशिरा येते."

"पुरावा?"

"आणतो. दोन आठवडे द्या."

"एक. हबीबी, हेड ऑफिस माझ्या डोक्यावर बसलंय."

बसची सुटण्याची जागा मीच बदलायला हवी होती का? सुनीताने हेही विचारलं. बदलली असती तर बस सुधारली असती, आणि उद्या पाण्यावरून, परवा मेसवरून हेच झालं असतं. शिवाय कमिटीचा ठराव मीच फाडला, तर कमिटी कशाला ठेवायची? म्हणून मी निवडणुकीची पद्धत बदलली. आता सगळ्या कॅम्पची एक यादी नाही. ज्याने त्याने आपल्याच ब्लॉकपुरतं मत द्यायचं, आणि चारही ब्लॉकांना सारख्याच जागा.

जुन्या कमिटीचा म्होरक्या गुरमेल सिंग, ए ब्लॉकचा, फिटरांचा फोरमन. अकरा वर्षांत एक लेट नाही. तो लगेच ऑफिसात आला.

"केळकर साब, हम इतने सारे, वो मुट्ठीभर. और सीट बराबर?"

म्हणणं रास्त होतं. माणसं मोजून जागा वाटल्या. ए आणि बीला दोन दोन, सी आणि डीला एक एक. गुरमेल हसला. सहापैकी चार अजूनही मोठ्या ब्लॉकांकडेच. ते मलाही दिसत होतं. मनातून मी धास्तावलोच होतो.

तीन दिवसांत मतदान उरकलं. डीमधून यादगिरी आला, ए मधून अर्थातच गुरमेल. पहिल्या मीटिंगला मी बसचा विषय घेतला. यादगिरी बोलायला उठला. मला वाटलं, आता गाऱ्हाणं घालणार आणि चार विरुद्ध दोनने आपटणार. तो एवढंच म्हणाला, "सर, मैं कुछ नहीं मांगता. कल का मीटिंग हमारे स्टॉप पे रखो. सुबह पांच बजे."

यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. सगळे हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाचला आम्ही सात जण डी ब्लॉकच्या थांब्यावर. त्या वेळीसुद्धा हवा दमट, शर्ट पाठीला चिकटलेला. डीची माणसं डबे घेऊन रांगेत. पहिली बस आली, थांबली नाहीच. मागोमाग दुसरी. तिने वेग कमी केला, ड्रायव्हरने हात हलवून मागचं दाखवलं, म्हणजे पुढच्या फेरीला. खिडकीत गुरमेलचे खोलीवाले बसले होते. त्यांनी त्याला ओळखलं, हात केले आणि बस गेली.

आम्ही पाऊण तास उभे राहिलो. बसायला एक पट्टीसुद्धा नव्हती. दुसऱ्या फेरीने गेटवर पोचलो तेव्हा सहा पंचवीस झाले होते. सहाही मेंबरांना लेट लागला.

दुपारी गुरमेल आला.

"साब, मेरा लेट काट दो. मैं तो मीटिंग में था."

"गुरमेल सिंग, डीच्या माणसांचा मी काटला होता का कधी?"

तो उठून गेला. मला वाईट वाटलं, पण मी नमलो नाही. संध्याकाळी ठराव आला, सहाच्या सहा सह्या: एक बस एहून सुटेल, दुसरी डीहून. पहिली सही गुरमेलची.

आता पुरावा. गेटवरचा वॉचमन प्रत्येक बसची वेळ वहीत लिहायचा. सहा महिन्यांच्या त्या वह्या आणि हजेरीच्या पंचिंगचा रिपोर्ट शेजारी ठेवले. दुसरी फेरी यायची आणि दोन मिनिटांत डीची पंचिंग. रोज. नबीलने तीन पानं उलटली.

"बस लेट. माणूस नाही. खलास, नावं काढ."

मी सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात तो म्हणाला, "नावं काढ म्हणालो. आकडा नाही. चाळीस पाहिजेतच."

हे मी मनाच्या कोपऱ्यात ढकलून ठेवलं होतं. नवी यादी, ज्यांचं काम संपत आलंय त्यांची. पाइपिंग संपत आलं होतं, म्हणून फिटर जास्त. त्यात गुरमेलचा चुलतभाऊ बलविंदर होता, त्याच्याच खोलीतला. पत्र द्यायच्या आधी मी गुरमेलला बोलावलं. त्याला दुसऱ्याकडून कळू नये एवढंच वाटत होतं.

त्याने बलविंदरच्या नावावर बोट ठेवलं. "पहले वाली लिस्ट में ये नहीं था?"

"नहीं था."

"और यादगिरी था."

"हो."

त्याने यादी माझ्याकडे सरकवली. त्याच्याकडे बघणं मला जड गेलं. काही तरी चांगलं बोलावं म्हणून म्हणालो, "डीचे सगळे लेट मी रद्द केलेत. बस लेट होती म्हणून. त्या दिवसाचा तुमचाही निघतो."

"मेरा रहने दो, साब," तो म्हणाला आणि बलविंदरला सांगायला गेला.

पुढे मी आणखी तीन कॅम्प सांभाळले. प्रत्येक ठिकाणी ब्लॉकवार मतदानाचा तोच फॉर्म वापरला. फक्त खाली एक ओळ वाढवली: नव्या कमिटीची पहिली मीटिंग शेवटच्या थांब्यावर, पहाटे पाचला, अॅडमिन ऑफिसरसकट. कारने येऊ नये.